भाग्यवंतीचे सांधे

एकदा एक मेस्त्री होता. आयुष्यभर त्याने होड्या बांधल्या आणि चाळीस वर्षांत एकाही होडीत पाऊल ठेवले नाही.

तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार! हलवायाने पेढा चाखू नये, शिंप्याने सदरा घालू नये, असे कधी असते का? पण ते होते तसे होते. खाडीकाठच्या त्या गावात बाबल मेस्त्रीचे नाव निघाले की लोक आधी कौतुक करीत आणि मग हसत. नवी होडी पाण्यात ढकलायची वेळ आली की मेस्त्री गुडघाभर पाण्यापर्यंत जाई, होडीच्या पुढच्या टोकाला हात लावी, तोच हात कपाळाला लावी आणि मागे फिरे. "मेस्त्री, एक फेरी तरी मारा की," असे कोणी म्हटले तर उत्तर ठरलेले होते. "माझं काम सुक्यावरचं."

पुढे काळ बदलला. फायबरच्या होड्या आल्या. हलक्या, स्वस्त, कीड न लागणाऱ्या. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्याला रोज दर्यावर जायचे आहे त्याने काय वापरावे, हे किनाऱ्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांनी सांगू नये. मात्र एक झाले. लाकडी होड्या एकेक करून मोडल्या गेल्या, त्यांचा साग लोकांच्या दारांना लागला, उरलेले चुलीत गेले. सरतेशेवटी गावात एकच लाकडी होडी राहिली. तिचे नाव भाग्यवंती. ती पोशा तांडेलाची होती आणि बाबल मेस्त्रीनेच बांधलेली होती. पोशा तांडेल वारला, तेव्हापासून ती त्याच्या बायकोच्या, चांगुणाबाईच्या अंगणाशेजारी ओंडक्यांवर टेकून उभी होती. चांगुणाबाई पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघे, तेव्हा जाता जाता तिच्या फळीवर थाप मारी. एवढाच काय तो दोघींचा व्यवहार.

अशा वेळी तेथे एक शिष्य आला. नाव मोरेश्वर. तालुक्याच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक, वय तिशी उलटलेले. एका सुट्टीत होडीचे चित्र काढायला म्हणून आला, आणि चित्र काढता काढता त्याच्या लक्षात आले की ही फळी अशी का वळली हे आपल्याला ठाऊक नाही. तो थेट मेस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, "मला शिकवा."

मेस्त्री लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. "मास्तर, तुमचं काम शिकवायचं. आता शिकायची अवदसा कुठून आठवली?"

"चित्रात होडी तरंगत नाही, मेस्त्री."

हे उत्तर मेस्त्रीला आवडले असावे, कारण त्याने दगड बाजूला ठेवून मोरेश्वरला चहा विचारला. त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने मोरेश्वर येई आणि सोमवारी पहाटे परत जाई. तो वाकस धरायला शिकला, लाकडाचा पीळ ओळखायला शिकला, अंगठ्याचे नख दोनदा काळेनिळे करून घेतले. आणि भाग्यवंतीवर त्याचा जीव जडला. तिला वाचवायचेच, असा त्याने पण केला.

तीन वर्षे तो झटला. पदरमोड करून त्याने होडीवर पत्र्याची शेड उभारली. पावसाची झड आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. पाणी म्हणजे कुज, पाणी म्हणजे कीड, हे त्याच्या मनाने घेतले होते. मुले होडीवर चढत, म्हातारे तिला पाठ टेकून विड्या ओढत, बायका तिच्यावर जाळी वाळत घालत, हे त्याला बघवेना. मग त्याने सुंदर अक्षरांत एक पाटी रंगवली: 'हा आपला वारसा आहे. कृपया हात लावू नये.'

पाटी वाचून मेस्त्री म्हणाला, "अक्षर झकास आहे."

"आणि मजकूर?"

"अक्षर झकास आहे," मेस्त्री पुन्हा म्हणाला आणि कामाला लागला. हळूहळू माणसे यायची थांबली. चांगुणाबाईचीही थाप थांबली, कारण मधे ताडपत्री आली होती. मोरेश्वरला वाटले, चला, शिस्त लागली.

त्या वर्षी वैशाखात गावात एक शेठ आला. हमरस्त्यावर त्याचे मोठे हॉटेल होते. माणूस दुष्ट नव्हता, बोलायला गोड होता. त्याला भाग्यवंती हवी होती. तिला मधोमध कापायचे, पुढचा अर्धा भाग हॉटेलच्या अंगणात उभा करायचा, तिच्यात फळ्या ठोकून सोलकढीचे पेले मांडायचे, असा त्याचा बेत होता. मोरेश्वरने हे ऐकले. त्याने चांगुणाबाईचे पाय धरले.

चांगुणाबाईने दोघांनाही अंगणात बसवले आणि सरळ सांगितले. "हे बघा मास्तर, तुम्ही तिच्यासाठी राबताय, ते मी बघते. पण होडी ही पाण्यातली वस्तू. शेडीत झाकून ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे? रोज दाराशी तिला अशी आजाऱ्यासारखी पडलेली मला बघवत नाय. नारळी पुनवेला ती पाण्यावर उभी राहिली, तर ती तुमची. जपा, काय करायचं ते करा, मी एक शब्द बोलणार नाय. नाय उभी राहिली, तर शेठनी न्यावी. निदान चार माणसं तिच्याजवळ बसून घोटभर पितील तरी."

शेठने मान डोलावली. मोरेश्वरनेही डोलावली, दुसरे करणार काय?

योग असा की नेमक्या त्याच दिवसांत मेस्त्रीच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा ठरला, आणि तो दोन-अडीच महिन्यांसाठी लेकीकडे गेला. मोरेश्वर एकटा उरला. त्याने होडी बारकाईने तपासली. तीन वर्षे पत्र्याखाली तापून फळ्या आक्रसल्या होत्या. दोन फळ्यांच्या सांध्यांत त्याची पेन्सिल आरपार जात होती. अशी होडी पाण्यात ढकलली तर चाळणीसारखी भरणार हे सांगायला मेस्त्री कशाला हवा?

मग मोरेश्वरने कंबर कसली. उन्हाळ्याची सुट्टी त्याने होडीखाली उताणे पडून काढली. कापसाच्या वळ्या राळ आणि तेलात भिजवून त्याने प्रत्येक सांध्यात ठोकून बसवल्या. जेथे एक वळी पुरेशी होती तेथे तीन भरल्या. वरून भेगा बुजवायची दुकानातली लांबी दाबली, घासून गुळगुळीत केली, दोन हात रंग दिला आणि टोकाशी पांढऱ्या रंगात 'भाग्यवंती' असे लिहिले. शाळा सुरू झाल्यावरही दर रविवारी तो येऊन हात फिरवून जाई. एवढी नटलेली होडी गावाने कधी पाहिली नव्हती. कोठेही बोट रुतायला जागा नव्हती.

दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी मेस्त्री परत आला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. मोरेश्वरने मोठ्या अभिमानाने ताडपत्री बाजूला केली. मेस्त्री होडीभोवती फिरला. नव्या डोळ्यांनी पाहिले, मग डोळे मिटून तळव्याने पाहिले. बराच वेळ झाला.

"नवरीसारखी दिसते," तो म्हणाला. "एक सुई जाणार नाय."

मोरेश्वरचा चेहरा फुलला. "हो ना? खूप ठोकलं, मेस्त्री. हात भरून आले."

"हं. तो आकडा आणा जरा."

सांध्यांतला जुना कापूस उपटायचा तो लोखंडी आकडा. मोरेश्वरने तो आणून दिला. मेस्त्रीने चष्मा वर सरकवला, आकडा पहिल्या सांध्यात घातला आणि एका हिसड्यात हातभर नवा कापूस बाहेर ओढला. लांबीचे पापुद्रे खाली पडले. मग दुसरा सांधा. मग तिसरा.

"मेस्त्री! अहो, हे काय करताय?"

"दिसतंय तेच."

"सगळा उन्हाळा घातलाय मी त्यात!"

"तोच तर बाहेर निघतोय." मेस्त्रीचा हात थांबला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने निम्म्याहून अधिक कापूस उपटून काढला, आणि जेथे तीन वळ्या होत्या तेथे एक सैलशी ठेवली. मोरेश्वर आधी चिडला, मग विनवण्या करू लागला, मग शेडच्या खांबाला टेकून बसला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांबरोबर डोक्याचेही काही बिनसले की काय, असे त्याला वाटले, आणि वाटल्याची लाजही वाटली.

पण खरा आघात पुढेच होता. दुसऱ्या दिवशी, अवसेला, मेस्त्रीने गावातली वीस-पंचवीस माणसे बोलावली. ओंडके टाकून भाग्यवंती शेडबाहेर ओढली आणि खाडीच्या चिखलात नेऊन उभी केली. मग तिच्यात दगड भरले. चांगले डोईएवढे, पाटीमागून पाटी. अवसेची भरती मोठी असते. दुपारी बाराच्या सुमारास पाणी चढले, सांध्यांतून आत शिरले, आतले-बाहेरचे एक झाले, आणि नवा रंग ल्यालेली भाग्यवंती सगळ्या गावादेखत बुडाली. वर राहिले फक्त पुढचे टोक आणि त्यावरची दोन पांढरी अक्षरे.

मोरेश्वर रडला. तिशी उलटलेला माणूस, शाळेतला मास्तर, चारचौघांत रडला. "तीन वर्षं मी हिला पाण्याचा थेंब लागू दिला नाही," तो म्हणाला, "आणि तुम्ही तिला बुडवलीत. का, ते तरी सांगा!"

मेस्त्रीने त्याच्याकडे पाहिले.  तो म्हणाला, "कारण सांगायचं तर मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायचा धीर मला चाळीस वर्षांत झाला नाय. पंधरा दिवस दे मला." एरवी मास्तरांना 'अहो-जाहो' करणारा मेस्त्री त्या दिवशी 'दे' म्हणाला, हे रागाच्या भरात मोरेश्वरच्या लक्षातही आले नाही.

त्याने मेस्त्रीशी बोलणे टाकले. पण पाय ऐकतात होय? शाळा सुटली की तो रोज एस.टी. पकडून खाडीवर येऊन बसू लागला. ओहोटीला भाग्यवंतीच्या वरच्या फळ्या उघड्या पडत. त्यांवर शेवाळाचा हात फिरला होता, आत कुर्ल्या फिरत होत्या. त्याचा जीव तुटे.

आणि मग एक गंमत होऊ लागली. तेथे माणसे यायला लागली. खाडीतल्या होडीला ना शेड होती, ना ताडपत्री, ना पाटी. पहिल्या दिवशी दोन म्हातारे आले. एकाने गुडघाभर चिखलात उतरून फळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही मधली फळी फणसाची. सागाची मोडली होती, खडपावर घासून. मी होतो त्या दिवशी." दुसरा म्हणाला, "तू कसला होतास! तू तापाने घरी निजला होतास, मी होतो." दोघे त्यावरून असे भांडले की मोरेश्वरला पंचाईत पडली, वही काढावी की मधे पडावे. त्याने वही काढली. तिसऱ्या दिवशी एक बाई आली आणि तिने सांगितले की तिची सासू याच होडीत बाळंत होता होता राहिली होती. शिडाची दोरी कशी बांधत, जाळे कोणत्या बाजूने टाकत, धुक्यात वाट चुकली तर कशाचा वास घेत, हे सारे त्या चिखलात उभ्या उभ्या निघत होते. तीन वर्षे मोरेश्वरने होडीची मापे घेतली होती. माणसांना विचारायचे राहून गेले होते.

पाचव्या दिवशी त्याने सहज म्हणून पेन्सिल सांध्याला लावली. आरपार जाणारी पेन्सिल आत जाईना. नुसते टोक रुतले. दहाव्या दिवशी टोकही रुतेना. अकराव्या दिवशी त्याने वहीचा कागद घालून पाहिला, तोही मुडपला. मोरेश्वर बराच वेळ तो मुडपलेला कागद हातात धरून उभा राहिला.

नारळी पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी होती. भाग्यवंती चिखलावर उघडी पडली होती. मेस्त्री आणि मोरेश्वर दोघेच आधी आले. न बोलता त्यांनी दगड काढले, पाणी उपसले. मग मेस्त्री खाली बसला, आणि जेथे बारीकशी रेघ उरली होती तेथे कापसाचा धागा बोटाने दाबू लागला. ठोकले नाही. नुसते दाबले. मोरेश्वर त्याला धागे वळून देऊ लागला.

"मास्तर," मेस्त्री म्हणाला, "कोरडी फळी आक्रसते. सांधा रुंदावतो. नवशिक्याला वाटतं, भोक पडलं, भरून टाका. पण ते भोक नसतं. ती फळीची फुगायची जागा असते. पाणी प्यायली की ती आपली आपण मिटवते. तुम्ही ती जागा आधीच ठासून भरलीत. मग फुगणारी फळी जाणार कुठं? ती खिळे तोडते आणि उसळून बाहेर पडते. मधल्या दर्यात. किनाऱ्यावर कळतसुद्धा नाय."

"हे तुम्हाला..."

"मी केलंय. तुमच्यापेक्षा लहान होतो. भाग्यवंतीच्या आधीची पोशाची होडी. उन्हाळाभर सुकवली होती, आणि मला घाई आणि गुर्मी दोन्ही. मोगरीनं ठोकून ठोकून भरली. गाव म्हणालं, वा, एक सुई जाणार नाय. चौथ्या दिवशी बाहेर दर्यात फळी उसळली. सात माणसं दुपारभर पाण्यात लटकून होती, रिकाम्या पिंपांना धरून. दुसऱ्या होडीनं उचललं म्हणून वाचली. होडी गेली ती गेलीच." मेस्त्रीचा हात थांबला. "पोशा तांडेल किनाऱ्याला लागला. सगळं गाव जमलेलं, आणि मी मागे उभा, आता माझं नाव घेतो म्हणून. तो म्हणाला, खडकावर आपटली. तिथं खडकच नाय, मास्तर. पन्नास हात पाणी आहे. पुढच्या वर्षी त्यानं मलाच दुसरी होडी बांधायला सांगितली. ती ही." त्याने फळीवर हात ठेवला. "त्यानं तेव्हा मला दोषानं ठासून भरलं असतं, तर मी फुटलो असतो. त्यानं जागा ठेवली. तुम्ही होडी वाचवायला निघालात, चांगलंच केलंत. पण तिचा प्रत्येक सांधा बंद केलात. पाण्याला बंद, माणसांना बंद. जुनं म्हणून जे जपायचं, त्याच्यात आजच्या माणसाला शिरायला जागा नको का?"

 मोरेश्वरने पुढचा धागा वळला आणि मेस्त्रीच्या हातात दिला.

दिवस वर आला तसे गाव जमले. डोक्यात फुले माळून बायका आल्या, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ आला. शेठही आला, सोबत होडी न्यायचा ट्रक घेऊन. चांगुणाबाई नवे लुगडे नेसून आली, इकडे तिकडे पाहिले, आणि शेडमधून मोरेश्वरची ती पाटी काढून आणून चिखलावर उपडी टाकून तिच्यावर बैठक मारली. मोरेश्वरने पाहिले आणि तो चक्क हसला.

भरती चढू लागली. पाणी भाग्यवंतीच्या पोटाला लागले, मग कमरेला. ती जराशी हलली. आणि मोरेश्वरला दिसले की आत पाणी झिरपतेय. एका सांध्यातून, मग दुसऱ्यातून.  तो कापसाकडे धावला, मोगरी उचलली.

मेस्त्रीने त्याचे मनगट धरले. "थांब. अजून पितेय ती."

"चांगुणाबाई, पाणी तर येतंय," शेठ म्हणाला. खोटे बोलत नव्हता बिचारा. दिसत होते ते सांगत होता.

चांगुणाबाई पाटीवरून उठली, पाण्यात उतरली आणि वाकून होडीत पाहिले. "शेठ, लाकडी होडीत पाणी यायचंच. ते उपसायला माणूस असला की झालं." मग तिने काठावरच्या गर्दीकडे वळून आवाज चढवला. "काय रे, माणूस आहे का कोणी?"

आहे का म्हणजे! ते दोघे भांडकुदळ म्हातारे सगळ्यांत आधी घुसले, 'मी आधी, मी आधी' करत. फायबरच्या होड्यांवरची तरुण मंडळी डबे घेऊन आली. ज्यांना गेली तीन वर्षे हात लावायची मनाई होती ते सारे हात आता तिच्यात होते. मोरेश्वर मधे बसून डब्यामागून डबा उपसत होता, आणि त्याच्या मांडीला लागणारे पाणी घोट्यापर्यंत उतरले, मग तळव्यापर्यंत, मग त्याचा डबा नुसत्या फळीवर खरडू लागला. नवे पाणी येत नव्हते. तोवर माध्यान्ह झाली होती. भरती पुरी भरली होती. भाग्यवंतीने एक हलका हिसका दिला, चिखल सोडला आणि ती पाण्यावर उभी राहिली.

काय आरडाओरडा झाला तो विचारू नका. शेठने टोपी काढून डोके खाजवले. "माझा ट्रक रिकामाच जाणार म्हणायचा," तो म्हणाला, आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या.

नारळ होडीत आला. चांगुणाबाई आत बसली. मेस्त्री नेहमीप्रमाणे गुडघाभर पाण्यात आला, टोकाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मागे फिरला.

"मेस्त्री," चांगुणाबाईने हाक मारली. "या. बसा."

"माझं काम सुक्यावरचं, बाय."

"पुरे झालं. या म्हणते ना."

मेस्त्री पाठमोराच उभा राहिला. मग वळला. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळत होते. "त्याआधी एक सांगायचंय, चांगुणा. चाळीस वर्षं राहिलंय. ती पहिली होडी... तिथं खडक नव्हता."

काठावरचे लोक पुढे सरकले. चांगुणाबाई मात्र जागची हलली नाही. तिने डोईवरचा पदर सारखा केला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, एकदा चुकला तर चुकू दे. कधीतरी तो आपणहून येऊन सांगेल, तोवर विचारू नको. नाय विचारलं." तिने शेजारच्या फळीवर थाप मारली, रोज पहाटे मारायची तशीच. "ही जागा तेव्हापासून ठेवलीय. या आता."

बाबल मेस्त्रीने होडीच्या काठावर हात टेकला. मोरेश्वरने दुसरा हात धरला. चाळीस वर्षांनी म्हाताऱ्याचे पाऊल आपणच बांधलेल्या होडीत पडले, होडी जराशी कलली, आणि पुन्हा सावरली.

ती शेड आजही तेथे आहे. तिच्यात आता जाळी वाळत असतात. होडी खाडीत असते आणि दर रविवारी मोरेश्वर मास्तर तिच्यातले पाणी उपसतो, सोबत जो येईल त्याला घेऊन.

वाचकहो, जे जपायचे असेल, मग ती वस्तू असो वा माणूस, त्याच्या सांध्यात बोटभर जागा राहू द्यावी. ती कशी मिटवायची ते पाण्याला ठाऊक असते.